आरंभशूरता टाळून व्यायाम टिकवावा कसा?

दिवाळी सरून पहाटेचा गारवा जाणवू लागला, की फिरावयास निघणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढते. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर, तालुक्याच्या ठिकाणच्या मैदानांवर आणि खेडोपाडी देवळाच्या प्रांगणाभोवती नवे चेहरे दिसू लागतात. कोणास डॉक्टरांनी ताकीद दिलेली असते, कोणाचे जुने कपडे अंगास होईनासे झालेले असतात, तर कोणी घरातील लग्नकार्यापूर्वी दहा किलो वजन उतरविण्याचा संकल्प सोडलेला असतो. पहिला आठवडा उत्साहात जातो. दुसऱ्या आठवड्यात पाय दुखू लागतात. तिसऱ्या आठवड्यात वजनकाट्यावर उभे राहिल्यावर काटा जवळजवळ तेथेच असल्याचे आढळते आणि महिना उलटतो न उलटतो तोच त्या नव्या चेहऱ्यांपैकी पुष्कळसे दिसेनासे होतात.

अशा माणसास आपण ‘आरंभशूर’ म्हणतो आणि विषय संपवितो. परंतु हा दोष केवळ स्वभावाचा आहे असे मानणे योग्य नव्हे. व्यायाम सुटण्यामागे बहुधा दोन कारणे असतात. पहिले, व्यायामाचे फळ चुकीच्या मापाने मोजले जाते. दुसरे, व्यायामाचा निश्चय केला जातो, पण त्याची व्यवस्था लावली जात नाही. ही दोन्ही कारणे समजून घेतली तर ती दूर करणे सामान्य माणसाच्या आवाक्यातील आहे.

हा प्रश्न केवळ शरीरसौष्ठवाचा नव्हे

गोव्याच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व विशेष आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी मधुमेह पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आढळले. गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे पाहणीतील सर्व राज्यांत सर्वाधिक होते. चौघा प्रौढांमागे एकास मधुमेह, असा याचा सरळ अर्थ होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतही (२०१९-२१) गोव्यातील सुमारे एक तृतीयांश स्त्री-पुरुषांचे वजन प्रमाणाबाहेर असल्याचे दिसून आले. तेव्हा महिन्याभरात फिरणे सोडून देणारा माणूस केवळ एक संकल्प मोडत नाही. मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांच्यापासून संरक्षण देणारे एक सुलभ साधन तो हातचे घालवितो, आणि तेही ते साधन आपले काम करू लागलेले असताना.

काटा लवकर का हलत नाही?

थोडा हिशोब मांडला म्हणजे गोष्ट स्पष्ट होते. सत्तर किलो वजनाचा मनुष्य अर्धा तास बऱ्यापैकी वेगाने चालला तर सुमारे १२० किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. शरीरातील एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे आहारात काहीही न वाढविता रोज अर्धा तास चालणाऱ्याचे वजन एक किलोने उतरण्यास दोन महिन्यांहून अधिक काळ लागावा, हे ओघानेच आले. याउलट दहा ग्रॅम तेलातून ९० किलोकॅलरी मिळतात आणि चहातील दोन चमचे साखरेतून ४०. फिरून परतताना नाक्यावर चहा व गरम भजी घेतली, तर अर्ध्या तासाची कमाई पाच मिनिटांत खर्ची पडते. ‘एवढे चालतो तरी वजन उतरत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे सापडते. वजन उतरविण्यात आहाराचा वाटा मोठा आहे. व्यायामाचा वाटा आरोग्य राखण्यात आणि उतरलेले वजन पुन्हा चढू न देण्यात विशेष आहे.

याखेरीज काटा फसवाही असतो. शरीरातील पाणी, आहारातील मीठ आणि पोटातील अन्न यांच्यामुळे एकाच माणसाचे वजन एक-दोन दिवसांत किलोभर, कधी त्याहूनही अधिक, खाली-वर होते. आहार कमी करताच पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरल्यासारखे वाटते, त्याचेही कारण चरबी नव्हे. स्नायू व यकृत यांत साखरेचा जो साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. तो साठा वापरला गेला की पाणीही जाते. पुढे हा वेग मंदावतो, तेव्हा माणसास वाटते की आपले काहीतरी चुकले. वस्तुतः खरे काम तेव्हाच सुरू झालेले असते. वजन जसजसे उतरते तसतशी शरीराची ऊर्जेची गरजही घटते, म्हणून मधून मधून काटा एका जागी थबकणे हे स्वाभाविक आहे.

न दिसणारा लाभ

काटा हलत नसला तरी व्यायाम आपले काम करीत असतो, याची साक्ष देणारी दोन उदाहरणे येथे नमूद करण्याजोगी आहेत.

पहिले उदाहरण बसमधील चालक व वाहक यांचे आहे. लंडनमधील दुमजली बसगाड्यांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास डॉ. जेरेमी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी केला व तो १९५३ साली प्रसिद्ध झाला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांच्या मानाने, तिकिटे देण्यासाठी सतत जिना चढ-उतर करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. दोघेही एकाच गाडीवर आणि एकाच शहरात काम करीत. फरक होता तो हालचालीचा. चालक मुळातच अधिक स्थूल असतील, अशी शंका साहजिकच निघाली. तेव्हा संशोधकांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली. चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर खरोखरच अधिक निघाला. तथापि पुढील अभ्यासात असे दिसले, की सडपातळ असो, मध्यम असो वा स्थूल असो, वाहकास धोका चालकापेक्षा कमीच होता. लाभ कमरेच्या मापातून आला नव्हता, तो जिन्याच्या पायऱ्यांतून आला होता.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातील आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींवर चेन्नई येथे झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांच्या काळात, नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्के लोकांना मधुमेह जडला. आहारातील सुधारणा व नियमित चालणे यांबाबत ज्यांचा सातत्याने पाठपुरावा करण्यात आला, त्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. लक्षात घेण्याची गोष्ट अशी, की या दुसऱ्या गटातील लोकांचे वजन उल्लेखनीय असे उतरलेच नव्हते. त्यांनी काट्यावर विश्वास ठेवून चालणे सोडले असते, तर त्यांच्यातील कित्येकांना मधुमेह गाठता.

असे का घडते, याचे उत्तर स्नायूंत आहे. काम करणारा स्नायू रक्तातील साखर ओढून घेतो आणि व्यायाम संपल्यावरही एक-दोन दिवस इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देत राहतो. हा परिणाम पहिल्या दिवसापासून मिळतो, मात्र तो साठवून ठेवता येत नाही. म्हणूनच मधुमेही व्यक्तींनी व्यायामात सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, असे तज्ज्ञ सांगतात.

निश्चयापेक्षा व्यवस्था श्रेष्ठ

आरोग्याची माहिती दिली की माणूस व्यायामास लागतो, असा समज सर्वत्र रूढ आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगाने या समजास धक्का दिला. त्यात २४८ विद्यार्थ्यांचे तीन गट करण्यात आले होते. पहिल्या गटास व्यायामाविषयी काहीच सांगितले नाही. दुसऱ्या गटास हृदयविकाराचे धोके व व्यायामाचे लाभ समजावून देण्यात आले. तिसऱ्या गटास तीच माहिती दिली, आणि शिवाय येत्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता व कोठे व्यायाम करणार, हे लिहून काढावयास सांगितले. त्या आठवड्यात व्यायाम केल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३८ टक्के, दुसऱ्या गटात ३५ टक्के आणि तिसऱ्या गटात ९१ टक्के निघाले. म्हणजे नुसत्या माहितीने काही साधले नाही. कागदावरील एका ओळीने मात्र पुष्कळ साधले. प्रयोग अल्प मुदतीचा होता हे खरे, पण त्यातील धडा व्यवहारात पडताळून पाहण्यासारखा आहे.

‘उद्यापासून रोज चालणार’ हा निश्चय झाला. ‘सकाळी मुले शाळेच्या बसमध्ये चढली की तेथूनच तळीपर्यंत जाऊन परत येणार’ ही व्यवस्था झाली. दुसऱ्या वाक्यात वेळ आहे, जागा आहे आणि आठवण करून देणारी खूणही आहे. कार्यालयात जाणारा कर्मचारी एक थांबा आधी उतरून उरलेले अंतर पायी जाण्याचे ठरवू शकतो. शिक्षकास शाळा सुटल्यावर घरी जाऊन अंग टाकण्यापूर्वी मैदानाला फेऱ्या मारता येतील. एकदा घरी पोहोचले की पुन्हा बाहेर पडणे कठीण, हा अनुभव सर्वांचाच आहे. शेतात वा कुळागरात राबणाऱ्यास वेगळ्या व्यायामाची गरज फारशी नसते. परंतु ज्याची कामे आता यंत्रे व मजूर करतात आणि जो स्वतः दुचाकीवरून देखरेख करतो, त्याने तरी आपली मळणीतली भूक आणि आजची मेहनत यांचा मेळ तपासून पाहावा.

व्यवस्थेत सोबतीचा वाटा मोठा आहे. एकट्याने ठरविलेली वेळ सहज मोडते. शेजारी फाटकापाशी वाट पाहत उभा असला तर ती मोडवत नाही. वाड्यावरील चार बायका मिळून फिरावयास निघाल्या, तर एकटीस वाटणारा संकोचही राहत नाही. घरच्या कामातून बाईस वेळ मिळत नाही, ही अडचण मात्र तिने एकटीने सोडविण्याची नाही. सकाळचा अर्धा तास तिच्यासाठी मोकळा ठेवणे हे घरातील इतरांचे काम आहे.

सवय जडण्यास किती दिवस?

एकवीस दिवसांत कोणतीही सवय जडते, असे सांगण्यात येते. लंडन येथील संशोधकांनी ९६ व्यक्तींवर केलेल्या अभ्यासातून निराळे चित्र पुढे आले. ठराविक वेळी रोज करावयाची एखादी कृती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. काहींना १८ पुरले, तर काहींच्या बाबतीत हा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. फळ खाणे किंवा पाणी पिणे अशा साध्या कृतींपेक्षा व्यायामाची सवय उशिरा जडली. म्हणजे जो माणूस तिसऱ्या आठवड्यात ‘अजून कंटाळाच येतो’ म्हणून थांबतो, तो वाटेच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शातच परत फिरलेला असतो.

याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष दिलासा देणारा आहे. मध्येच एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्याच्या क्रियेत म्हणण्यासारखी बाधा आली नाही. जत्रा, पाहुणे, आजारपण, परीक्षेचे काम यांमुळे खंड पडणारच. खंड पडला याचा अर्थ व्रत मोडले असा होत नाही. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट व्यायाम करणे हेही अनावश्यक आहे. त्यातून दुखापत मात्र ओढवते. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी, ठरल्या ठिकाणी पुन्हा उभे राहिले की पुरे.

पावसाळ्याची तजवीज

गोव्यात व्यायामाचा खरा शत्रू पावसाळा होय. जूनमध्ये सुटलेले चालणे पुष्कळांच्या बाबतीत दिवाळीपर्यंत सुटलेलेच राहते. म्हणून पावसाळ्याचा विचार उन्हाळ्यातच करून ठेवावा. घरात करण्याजोगा व्यायाम म्हणून सूर्यनमस्कार सर्वांच्या परिचयाचे आहेत. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचा हिरिरीने प्रसार केला आणि संस्थानातील शाळांतून ते सुरू केले. या व्यायामास एका सतरंजीएवढी जागा पुरते. ज्यांना वाकणे झेपत नाही त्यांनी खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीस हात टेकून जोर काढणे, पायरी चढणे-उतरणे असे सोपे प्रकार करावेत. स्त्रियांच्या बाबतीत तर परंपरेनेच सोय करून ठेवली आहे. श्रावण-भाद्रपदात रंगणारी फुगडी हा दम लावणारा उत्तम व्यायाम आहे. चतुर्थीपुरती ती न ठेवता पावसाळाभर आठवड्यातून दोन-तीन दिवस देवळाच्या सभामंडपात वा कोणाच्या ओसरीवर चालू ठेवण्यास हरकत नसावी.

किती करावे आणि काय मोजावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा व किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे प्रकार करावेत. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो वेग मध्यम समजावा. एका वेळी किमान दहा मिनिटे व्यायाम झालाच पाहिजे, अशी पूर्वीची अट आता राहिलेली नाही. थोडे थोडे केलेलेही हिशोबात धरले जाते. रोज दहा हजार पावले चाललीच पाहिजेत, हाही वैद्यकशास्त्राचा दंडक नव्हे. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या एका उपकरणाच्या नावातून तो आकडा रूढ झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, वयस्क स्त्रियांच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचे मृत्युप्रमाणही अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी आढळले. तेव्हा दहा हजारांचा आकडा गाठता येत नाही म्हणून हजार-दोन हजारांवर पाणी सोडणे शहाणपणाचे नाही.

काटा मोडीत काढावा असा याचा अर्थ नव्हे. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी वजन करावे व ते लिहून ठेवावे. मात्र त्याच्या जोडीला आणखी तीन मापे ठेवावीत. पहिले माप कमरेच्या फितीचे. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. फीत महिन्यातून एकदा लावावी. दुसरे माप श्वासाचे. देवळाच्या ज्या पायऱ्या चढताना पूर्वी दोनदा थांबावे लागत असे, त्या आता किती वेळा थांबून चढता येतात हे पाहावे. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे माप भिंतीवरील दिनदर्शिकेचे. ज्या दिवशी व्यायाम झाला त्या तारखेवर एक फुली मारावी. वजन किती उतरावे हे आपल्या हाती पूर्णपणे नसते. फुली मारणे मात्र आपल्या हाती असते.

थोडी सावधगिरी

ज्यांना हृदयविकार आहे, चालताना छातीत दुखते वा अकारण धाप लागते, त्यांनी व्यायामास आरंभ करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इन्शुलिन अथवा रक्तातील साखर उतरविणारी काही औषधे घेणाऱ्यांनी खिशात साखर वा गोळ्या बाळगाव्यात आणि औषधाची मात्रा डॉक्टरांस विचारून ठरवावी. पायाची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी अनवाणी फिरू नये. गुडघेदुखी असलेल्यांनी चढ टाळून सपाट रस्त्यावर, कमी अंतरापासून सुरुवात करावी. व्यायाम करताना छातीत दाब जाणवला, घाम फुटला वा भोवळ आली तर तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

शाळा, कार्यालय व गाव

शिक्षक, ग्रामपंचायतीचे सभासद आणि कार्यालयप्रमुख यांना या बाबतीत बरेच काही करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी फारसा खर्चही लागत नाही. शाळेचे मैदान संध्याकाळी तासभर गावकऱ्यांस खुले राहील, रस्त्यावरचा बंद पडलेला दिवा लागेल, मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त होईल, तर फिरावयास निघणाऱ्यांची, विशेषतः स्त्रियांची व वृद्धांची, अर्धी अडचण दूर होईल. गावकऱ्यांस व्यायामाचे महत्त्व सांगणारे भाषण एक कमी झाले तरी चालेल. पण त्यांच्याकडून वार, वेळ व जागा लिहून घेणारी एक वही गावात असावी.

आरंभशूर हा शब्द हिणविण्यासाठी वापरला जातो, परंतु त्यात शौर्य आहे हेही विसरता कामा नये. आरंभ करण्याचे धैर्य ज्याने दाखविले, त्यास उणीव असते ती सोबतीची, ठरलेल्या वेळेची आणि योग्य मापाची. तिसऱ्या आठवड्यात काटा हलला नाही म्हणून घरी बसण्याच्या बेतात असलेल्या शेजाऱ्याच्या दारात उद्या सकाळी कोणीतरी उभे राहिले, तर त्याचा चौथा आठवडा निश्चित उजाडेल.